सावकारांच्या मिरवणुकीत आई

आमच्या मयूर विहारच्या घरात भिंतीवर फक्त गेलेली माणसं असायची. आजोबा, आजी आणि टायफॉइडने गेलेला अण्णांचा धाकटा भाऊ. तिघांनाही चंदनाच्या सालीचे हार होते, आणि दर शनिवारी आई ओल्या फडक्याने त्यांच्या काचा पुसायची. जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा नाही, हा तिचा नियम होता. शाळेत बक्षीस घेतानाचा माझा फोटो मी एकदा खिळा ठोकून बाहेरच्या खोलीत लावला, तर ती तव्यावरची पोळी तशीच टाकून धावत आली आणि फोटो उतरवून कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिला. "भिंतीवर जायला तुला खूप वेळ आहे अजून," म्हणाली. पोळी जळली ती जळलीच. मी सोळा वर्षांची होते, विज्ञान शाखेत होते, आणि आईचं सगळंच मला हास्यास्पद वाटायचं. आज माझ्या द्वारकेच्या घरात भिंतीवर एकही फोटो नाही. सुनेला वाटतं, सासूबाईंना मोकळ्या भिंती आवडतात. मीही तिला तसंच वाटू देते.

अण्णा मूळचे पेणचे, गणपती करणाऱ्यांच्या घरातले. दिल्लीत ते सरकारच्या प्रदर्शन खात्यात मॉडेलर होते. म्हणजे जानेवारीतल्या संचलनासाठी चित्ररथ उभे करायचे, आणि एरवी कुठल्या ना कुठल्या मेळाव्यासाठी धरणं, रॉकेटं, हसरी कुटुंबं. शिवाय पावसाळाभर आमच्या गॅलरीत गणपती. पेणहून शाडूची पोती रेल्वे पार्सलने यायची आणि ती सोडवून आणताना अण्णांची हमालांशी दरवर्षी तीच भांडणं व्हायची. चित्ररथ फेब्रुवारीत मोडायचे, गणपती दहा दिवसांत यमुनेत जायचे. अण्णांच्या हातचं काहीच वर्षभर टिकायचं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नसे. "आपलं काम मोडण्यासाठीच असतं," ते खुशीत सांगायचे. त्यावर आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुमचं वर्षातून एकदा मोडतं. माझं रोज दोनदा. वाढा पानं."

त्या दोन खोल्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. चाळणीतून प्लास्टर चाळल्याचा बारीक सरसर आवाज, लाकडी पट्टीने साचा ठोकल्याचा आवाज, आणि मधूनच आईचं "अहो, कणकेच्या परातीत नको!" कारण अण्णांना प्लास्टर कालवायला हाताशी येईल ते भांडं चालायचं. आई पेणजवळचीच होती, आणि वालाचं बिरडं हा तिचा जीव होता. पण दिल्लीच्या थंडीत वालांना मोड येत नसत. मग ती भिजवलेले वाल फडक्यात बांधून, अण्णांच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून रजईत ठेवायची. रात्री झोपताना पायाला ते गाठोडं लागायचं आणि सकाळी वालांना मोड आलेले असायचे. बिरड्याचा तो उग्र, गोडसर वास जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत जाई. वरच्या सरोज आंटी वाटी घेऊनच खाली यायच्या. "भाभीजी, वो कडवी वाली दाल बनी है क्या?" आईने त्यांना बिरडं म्हणायला शिकवायचा प्रयत्न दोन वर्षं केला आणि मग सोडून दिला.

त्या उन्हाळ्यात भाटियाजी आमच्याकडे आले. त्यांचा संगमरवराचा धंदा होता, आणि गुडगावच्या रस्त्यावर, जिथे तेव्हा मोहरीची शेतं आणि धूळ सोडून काही नव्हतं, तिथे ते लग्नाचा हॉल बांधत होते. दगड कापायची यंत्रं आणायला ते इटलीला गेले होते आणि तिथे एक राजवाडा बघून वेडे झाले होते. काखेत एक भलं मोठं चित्रांचं पुस्तक होतं. ते त्यांनी आमच्या टेबलावर उघडलं तेव्हा आईला मिठाची बरणी उचलून घ्यावी लागली. "मास्टरजी, बिल्कुल यही चाहिए. छत पर. ऐसा कि बाराती खाना भूल जाए." अण्णांनी चष्मा पुसला आणि पान बघत बसले. चहा निवून गेला. मग एवढंच विचारलं, "रहेगा? तोड़ेंगे तो नहीं?" भाटियाजी हसले. "अजी, मेरे पोते भी इसी के नीचे ब्याहेंगे." अण्णांनी हो म्हटलं ते त्या एका वाक्यासाठी. मोडणार नाही असं काहीतरी करायला मिळणार, याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. त्या दिवशी ते स्वतःहून भाजी आणायला गेले आणि भाव न करता घेऊन आले.

पुस्तक इंग्रजीत होतं आणि अण्णांचं इंग्रजी खात्याच्या नोटिसांपुरतं. म्हणून दर रविवारी सकाळी मी वाचून मराठीत सांगायचं, असं ठरलं. ते घराणं होतं मोंतेरुस्को नावाचं. मुळात सावकार. बाजारात मेज टाकून नाणी बदलून द्यायचे. पुढे राजांना आणि पोपना कर्ज देऊ लागले, सरदार झाले, आणि ढालीवर तीन नासपती कोरून घेऊन राजवाड्यात राहायला गेले. पण व्याज खाणं त्यांच्या धर्मात पाप. त्या पापाची भीती पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या मानेवर होती, म्हणून ते देवळं बांधत, आणि राजवाड्यातही त्यांनी एक खाजगी देवघर बांधलं. त्याच्या चारी भिंतींवर बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या राजांची मिरवणूक रंगवलेली. घोडे, उंट, शिकारी कुत्रे, माणसंच माणसं. आणि त्या गर्दीत, संतांच्या खांद्याला खांदा लावून, लाल टोप्या घातलेले सगळे मोंतेरुस्को. आजोबा, मुलगे, सुना, नातवंडं. चित्रकाराला बसवून त्यांनी आपापले चेहरे काढून घेतले होते. हे मी वाचून दाखवलं तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बघ सावकारांची हुशारी! पुण्य करवेना, तर पुण्यवानांच्या रांगेतच जाऊन उभे राहिले."

चित्रातली ती मिरवणूक अण्णांनी प्लास्टरच्या उठावात, हॉलच्या छताच्या कडेने चहूबाजूंनी फिरवायचं ठरवलं. खात्यातून चारला सुटले की बसने गुडगाव, परत यायला नऊ. रविवारी मीही जायची. काथ्या घालून ओतलेले घोड्यांचे पाय, माणसांचे खांदे, उंटांच्या माना जमिनीवर ओळीने मांडलेल्या असत आणि अण्णा परांचीवर उभे राहून एकेक तुकडा वर जोडत. मी खालून पुस्तक धरून ओरडायची, "डावीकडच्याची हनुवटी वर!" भाटियाजींनी अर्थातच हट्ट धरला की सावकारांच्या जागी आपलं कुटुंब हवं. ते स्वतः लाल टोपीत घोड्यावर, मागे बायको, दोन मुलगे. अण्णांनी ते हुबेहूब केले. पण मिरवणुकीच्या शेवटच्या कोपऱ्यात घोटाळा झाला. पुस्तकातल्या त्या पानावर दोन पानांच्या शिवणीत चेहरे गेलेले, काही दिसेना. एका घोड्यामागे बायकांचा घोळका होता, त्यातल्या पुढच्या बाईला चेहराच नव्हता. अण्णा दोन रविवार तिथे अडून बसले. मन घेईना असा कुठलाही चेहरा ते करत नसत.

"आईचा करा ना," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शिवी दिली. "जिवंत माणसाचं भिंतीवर करत नाहीत, शैला."

"भिंत कुठे आहे? छत आहे. आणि भाटियांनी केलं ना? त्यांना काय झालं? ते सावकार चारशे वर्षं भिंतीवर आहेत." मला तेव्हा थांबता येत नसे. "तुम्हीपण आईसारखेच घाबरट. एवढं कायमचं काम आयुष्यात एकदा करताय आणि त्यात आपलं म्हणून काहीच नाही?"

या शेवटच्या वाक्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. मी जिंकले हे मला कळलं, आणि मी डब्यातलं थालीपीठ मजेत खाल्लं. आजवर मी पुष्कळ वाद जिंकले आहेत, नोकरीत आणि घरात. या एका वादात हरले असते तर बरं झालं असतं, असं म्हणत मी साठीला आले.

चेहरा करायला अण्णांना एकच आठवडा लागला. आईला समोर बसवलंही नाही; वीस वर्षं समोर होतीच. कपाळ तिचं, किंचित पुढे आलेला वरचा ओठ तिचा, आणि डोक्यावर त्या इटालियन बायकांसारखं फडकं. एवढ्यावर थांबले असते तर कदाचित तिला कळलंही नसतं. पण कानाशी आल्यावर अण्णांना राहवलं नाही. त्यांनी तिच्या कानात कुड्या घातल्या, तिच्या नेहमीच्या, मोत्यांच्या, एकेक मोती सुटा दिसेल अशा. त्या अख्ख्या मिरवणुकीतली सगळ्यात सुंदर गोष्ट ती होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही आईला हॉल दाखवायला नेलं. तिने ठेवणीतली अंजिरी साडी नेसली होती आणि कारागिरांसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. परांची उतरवली होती, फरशीला पॉलिश झालं होतं, म्हणून चपला दाराशी काढून आम्ही अनवाणी आत गेलो. आई मान वर करून हळूहळू फिरत होती. "बाई गं, केवढं केलंत हो," असं दोनतीनदा म्हणाली. भाटियाजी घोड्यावर दिसले तेव्हा पदर तोंडाला लावून हसली. मी तिच्या मागे मागे होते आणि तिला कधी दिसतंय याची वाट बघत होते. शेवटच्या कोपऱ्यात ती थांबली. तिचा हात आपोआप कानाकडे गेला आणि तिने आपली कुडी चाचपली. मग अण्णांकडे न बघता म्हणाली, "उतरवा मला."

"कुसुम, अगं..."

"उतरवा मला तिथून. मी काय केलं होतं तुमचं?"

ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. ती घाबरली होती, आणि आईला घाबरलेलं मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. अण्णा धावत भाटियाजींकडे गेले. भाटियाजींनी हात जोडले. "मास्टरजी, कल बारात है. अब दुबारा मचान नहीं बँधेगा. सीज़न निकलने दो, फिर जो कहोगे." परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. पुऱ्यांचा डबा तसाच मांडीवर होता, कुणाला द्यायचा राहूनच गेला होता. ही कल्पना माझी होती, हे मी तिला सांगितलं नाही. अण्णांनीही सांगितलं नाही. शेवटपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि त्यांच्या त्या मोठेपणाने मला अपराधातून कधी सुटू दिलं नाही.

त्या डिसेंबरात आईचे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ म्हणून आधी उसाचा रस, मुळ्याचा पाला, सरोज आंटींनी आणलेला कुणा वैद्याचा काढा. मग इस्पितळ. पित्ताशयात गाठ होती आणि ती किमान वर्षभरापासून तिथे असणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षभर! म्हणजे पुस्तक घरात येण्याच्याही आधीपासून. हे मी विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून स्वतःला हजारदा सांगितलं आहे. त्याने काही फरक पडत नाही. चित्ररथांचे दिवस होते, खात्यात कुणालाच रजा नव्हती. अण्णा दिवसभर थर्माकोलचे मोर कापायचे आणि संध्याकाळी हाताला डिंक चिकटलेला तसेच आईच्या खाटेशी येऊन बसायचे. जेवण तिला जात नव्हतं. मी वाल रजईत ठेवून मोड आणले आणि बिरडं करून नेलं. तिने बोट लावून चाटलं आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय, पण मोड छान आलेत." दुसऱ्या एका दिवशी, अण्णा तिचे पाय चेपत असताना, तिने डोळे न उघडता विचारलं, "उतरवलंत का हो मला?"

"सीझन संपला की लगेच."

"मला भीती नाही आता त्याची," ती म्हणाली. "पण ओळखीचं कुणी नाही हो तिथे. सगळे परके. एकटीलाच उभी करून ठेवलीत."

ती होळीच्या आधी गेली. तेरावं झालं, पाहुणे पेणला परतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी पिशवीत छिन्नी आणि हातोडी घातली. शिवाय अर्धं पोतं प्लास्टर खांद्यावर घेतलं. ते कशाला, असं मी विचारलं. "तुकडा काढला की भोक पडेल. बुजवायला नको?" संध्याकाळी परतले ते कोपरापर्यंत पांढरे होऊन. "झालं काम," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "उतरवलं?" त्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती असं मी धरलं. त्या दिवशी ते कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. शांत होते, जवळजवळ आनंदात म्हणावं असे. त्या आठवड्यात त्यांनी मला गॅसचं कार्ड कुठे आहे ते दाखवलं, माझ्या मामांचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, आणि गणपतीचे सगळे साचे पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले. मला वाटलं, दुःखात माणूस आवराआवर करतो. मग दिवस गेले, महिने गेले. साचे माळ्यावरून कधीच खाली आले नाहीत. मामांच्या पत्त्याचा कागद पिवळा पडला आणि गळून गेला.

त्यानंतर अण्णा सव्वीस वर्षं जगले. त्यांनी मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं, निवृत्तीनंतर द्वारकेला माझ्याकडे राहिले, नातवाला शाडूचे उंदीर करून दिले. गुडगावच्या रस्त्याला मात्र ते पुन्हा गेले नाहीत. गेले तेव्हा झोपेतच गेले. त्यांच्या वहीत, औषधांच्या नोंदींखाली, काहीच लिहिलेलं नव्हतं. मी शोधलं होतं.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाच्या ऑफिसातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. पत्ता गाडीतल्या नकाशावर होता, मी लक्षही दिलं नव्हतं. उतरले तेव्हा आजूबाजूला काचेचे उंच टॉवर आणि त्यांच्या मध्ये अवघडून उभा असलेला तो हॉल. नाव बदललेलं, मालक बदललेले. दारातून आत गेल्यावर मी मान वर केली तर काहीच नव्हतं. पांढरं सपाट फॉल्स सीलिंग, त्यात गोल दिवे आणि एसीच्या जाळ्या. मी मॅनेजरला गाठलं. तो तिशीचा, कानात वायर घातलेला. "ऊपर तो बस डक्ट है, मॅडम." मी म्हटलं, माझ्या वडिलांचं काम आहे वर, मला एकदा बघायचंय. त्याला ते खरं वाटलं नसावं, पण माझे पांढरे केस बघून त्याने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पाहुणे जेवायला पलीकडच्या लॉनवर गेले होते. शेवटच्या कोपऱ्यात शिडी लागली, एक चौकोन सरकवला गेला, आणि मी पैठणी खोचून, गुडघ्यांना शिव्या देत वर चढले. डोकं आत घातलं आणि मोबाइलचा दिवा लावला.

मी बुजवलेल्या भोकाची तयारी ठेवून गेले होते. आई तिथेच होती. धुळीने काळवंडलेली, नाकाचा शेंडा उडालेला, पण कानात कुड्या, एकेक मोती सुटा. आणि तिच्या शेजारी, पुस्तकात नव्हता असा एक माणूस होता. त्याला जागा करण्यासाठी घोड्याचा मागचा अर्धा भाग छिन्नीने उडवलेला. प्लास्टरचा रंग निराळा, जोड घाईचा, अण्णांनी एरवी कुणालाही करू दिला नसता असा. डोक्यावर सावकाराची टोपी, आणि टोपीखाली जाड काड्यांचा, खात्यातून मिळालेला चष्मा. मला आधी हसू आलं. चारशे वर्षांपूर्वीच्या मिरवणुकीत चष्मा!

मग मला गॅसचं कार्ड आठवलं, मामांचा पत्ता आठवला, त्या दिवशीचं त्यांचं पोटभर जेवण आठवलं. जिवंत माणसाचा चेहरा वर गेला की माणूस जातो, यावर आईपेक्षा अण्णांचाच जास्त विश्वास होता. ते तिला उतरवायला गेलेच नव्हते. त्यांना जमेल त्या रीतीने, त्यांना येत असलेल्या एकमेव कलेने, ते स्वतः जायला निघाले होते. आणि मग रोज सकाळी उठून, आपण अजून इथेच आहोत हे बघून, चहा करायला गेले होते. सव्वीस वर्षं. मला भयंकर राग आला. मी सोळा वर्षांची होते, अण्णा. मला मामांचा पत्ता देऊन निघाला होतात? त्या अंधाऱ्या पोकळीत, एसीच्या पाइपांमध्ये मान अडकवून, मी त्यांच्याशी भांडले, मोठ्याने नाही, पण भांडले. आणि मग रडले. त्यांच्या टोपीवर हात ठेवला तर बोटांना इतक्या वर्षांची धूळ लागली. ती मी पदराने पुसली, आधी त्यांच्या चष्म्यावरची, मग तिच्या कुड्यांवरची.

खाली इलेक्ट्रिशियनने शिडी घट्ट धरली होती. "मॅडम, मिला क्या? जो देखने आए थे?"

फोटो काढावा म्हणून मी मोबाइल फिरवला होता, तो तसाच खाली केला.

"हाँ भैया," मी म्हणाले, "दोनों साथ में हैं. बंद कर दो."